क्लास की पेशा? नानासाहेबांच्या पुण्यातल्या मोहिमेसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचा एक गट दीड वर्षं दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) खेळतोय, म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकून पात्रं वठवण्याचा खेळ. चार खेळाडू आणि एक जीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा सूत्रधार. आता त्यांना नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या पुण्यात स्वतःची मोहीम उभी करायची आहे. दोन अगदी नवे खेळाडूही येणार आहेत. गटात मतभेद आहेत. एक म्हणतो, क्लास, म्हणजे पात्राला काय येतं ते ठरवणारे पुस्तकातले तयार साचे, नसले तर सगळी पात्रं सारखीच होतात. दुसरा म्हणतो, क्लास म्हणजे पायात बेडी. जीएमच्या मनात बारा बलुतेदारांवरून बारा क्लास बनवायचे आहेत. कसं करावं?

आधी उत्तर देते, मग कारणं. तुमच्या मोहिमेत क्लास नकोत, पेशे हवेत. या दोन्हींत फरक आहे, तो खाली सांगते. बारा बलुतेदारांचे क्लास मात्र कृपा करून करू नका. त्याच प्रकारची चूक मी माझ्या टेबलावर केलेली आहे आणि तिचं अजून वाईट वाटतं.

क्लास आले कुठून हे पाहिलं की ते काय काम करतात हे लगेच कळतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डी अँड डी आला तेव्हा क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन (लढवय्या), मॅजिक-यूजर (जादूगार) आणि क्लेरिक (देवाच्या बळावर जखमा भरणारा पुरोहित). पहिले दोन छोट्या शिशाच्या सैनिकांच्या युद्धखेळातून आले, एक जवळून लढणारा आणि एक लांबून तोफेसारखा मारा करणारा. क्लेरिकची गोष्ट वेगळी आहे. आर्नेसनच्या टेबलावर एका खेळाडूचा व्हॅम्पायर इतका डोईजड झाला होता की त्याला आवरणारं कुणीतरी हवं होतं. त्यातून पिशाच्चांना पळवून लावणारा क्लेरिक आला. म्हणजे टेबलावर एक अडचण होती आणि तिचं उत्तर एका खेळाडूच्या पानावर, म्हणजे पात्राची माहिती असलेल्या कागदावर, लिहिलं गेलं. क्लासचं खरं काम हेच आहे. "हे मी सांभाळतो, ते तू सांभाळ" ही वाटणी खेळ सुरू होण्याआधीच छापून मिळते, आणि त्यावर कुणाला भांडावं लागत नाही.

नव्या माणसासाठी ही वाटणी फार मोलाची असते. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एका मैत्रिणीची आई खेळायला बसल्या. काकू तीस वर्षं नर्स होत्या. असले खेळ त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. मी सहा क्लास एकेका वाक्यात सांगितले. क्लेरिक ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "जखमा बांधणारी आहे ना, मग तीच द्या मला." दहा मिनिटांत पान तयार झालं, आणि पहिल्या चकमकीत कुणाकडे आधी धावायचं हे ठरवायला त्यांना माझी गरज लागली नाही. त्याच काकूंसमोर मी शंभर गुण आणि दीडशे कौशल्यांची यादी ठेवली असती तर त्या चहा करायला उठल्या असत्या आणि परत बसल्या नसत्या.

जीएमलाही क्लासचा आधार असतो. २०१४च्या डी अँड डीत बारा क्लास आहेत, आणि गट पाचव्या लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) पोचला की काय होणार हे मला झोपेतही सांगता येतं: फायटरला एका डावात दुसरा वार मिळतो, विझार्डच्या (जादूगाराच्या) हातात फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, येतो. त्या बेताने शत्रूंची संख्या ठरवता येते. नोकरी करून, मुलांचा अभ्यास घेऊन शनिवारी रात्री तयारीला बसणाऱ्या माणसाला हा मोठा दिलासा आहे.

पण प्रत्येक क्लास इतरांकडून काहीतरी काढून घेतो. १९७५ साली थीफ (चोर) हा क्लास आला. त्याआधी सापळा कुणीही निकामी करायचं. दोरी कुठून जाते ते जीएमला विचारायचं, पाचर ठोकायची, ढाल आडवी धरायची. थीफच्या पानावर सापळ्याचे, कुलपाचे, सावलीत लपण्याचे टक्के, म्हणजे यशाची शक्यता, छापून आले आणि बाकीच्यांनी हळूहळू प्रयत्न करणंच सोडलं. "ते त्याचं काम आहे," हे वाक्य मी टेबलावर शेकडो वेळा ऐकलंय. तुमच्यातला बेडी म्हणणारा खेळाडू बहुधा याच वाक्याला कंटाळलेला आहे, आणि त्याचं चुकलेलं नाही.

आता दुसरी बाजू. क्लास नसलेले खेळ नवे आहेत असा एक समज आहे, तो खरा नाही. १९७७च्या ट्रॅव्हलर या खेळामध्ये क्लासही नव्हते आणि लेव्हलही नव्हत्या. पात्र अठराव्या वर्षी आरमारात, सैन्यात, व्यापारी जहाजावर नोकरीला लागायचं आणि चार-चार वर्षांच्या टप्प्यांत फासे टाकत त्याचं आयुष्य घडायचं. फासा वाईट पडला तर खेळ सुरू होण्याआधीच ते मरायचंसुद्धा. १९७८च्या रूनक्वेस्टमध्ये सगळं कौशल्यांच्या टक्क्यांवर आलं; जितके टक्के, तितकी ते काम जमण्याची शक्यता. १९८६च्या गर्प्समध्ये ठरावीक गुण हातात देऊन पात्र विकत घ्यायला सांगितलं. या तिन्हींना सरसकट "क्लासलेस" म्हणतात, पण त्यांच्यात एकमेकांशी फारच थोडं साम्य आहे. एकात आयुष्य घडतं, एकात सरावाने हात बसतो, एकात बाजारहाट होते. तुम्ही "क्लास नको" म्हणता तेव्हा या तिघांपैकी काय हवंय हे आधी ठरवा.

गुण मोजून पात्र करण्याची पद्धत कागदावर सर्वांत न्याय्य दिसते. गर्प्सच्या सध्याच्या चौथ्या आवृत्तीत बुद्धी एकाने वाढवायला २० गुण लागतात आणि ताकद एकाने वाढवायला १०. दोघांकडे दीडशे-दीडशे गुण, मग दोघं समान. टेबलावर तसं होत नाही. एकाने सगळे गुण तलवारीत घातलेले असतात आणि मोहीम दरबारात चाललेली असते. शिवाय पात्राला एखादा दोष (भीती, व्यसन असं काही) घेतला की गुण परत मिळतात, म्हणून लोक कधीच आड येणार नाही असा दोष शोधतात. डोंगरातल्या मोहिमेत कुणी समुद्राची भीती घेतली की मी ती खोडते. माझा साधा नियम आहे: तीन सेशनमध्ये जो दोष एकदाही आडवा आला नाही, त्याचे गुण खेळाडूने परत करायचे.

पण खरी अडचण याहून साधी आहे, आणि ती मला एका रविवारी फार महागात शिकायला मिळाली. तुमच्याच काळातली मोहीम होती. कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारा नानासाहेबांच्या वेळचा नळ तुम्हाला माहीत असेलच; जमिनीखालून जाणारा बांधीव मार्ग, मध्ये मध्ये वर उघडणारे उच्छ्वास, पेठांमधले हौद. यापेक्षा सुंदर भुयार मला कल्पनेतही सुचलं नसतं. पाच खेळाडू होते, टक्क्यांची पद्धत होती, क्लास नव्हते. प्रत्येकाने घरी बसून एकट्याने पात्र केलं आणि कुणी कुणाला दाखवलं नाही. टेबलावर पानं उघडली तर पाचांपैकी चौघांचं लपणं सत्तर टक्क्यांच्या वर! चौघांनीही मनात रात्रीचा हेर रंगवला होता.

पहिला तास झकास गेला. मग नळात एकाचा पाय मोडला. कुणालाही हाड बसवता येत नव्हतं. उच्छ्वासाच्या तोंडाशी एक पहारेकरी भेटला, त्याच्याशी दोन शब्द नीट बोलेल असं कुणी नव्हतं. त्याच्या कमरेला मोडीत लिहिलेला परवाना होता, तो कुणाला वाचता येईना. चौघं अंधारात अप्रतिम लपून बसले होते आणि पाचव्याचा पाय सुजत होता. साडेअकराला मी खेळ थांबवला. सगळे गप्प होते. त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "आमचं काय चुकलं?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. क्लास काढून टाकले म्हणजे कामाची वाटणी करण्याची गरजही संपली असं मी धरून चालले होते. ती गरज तशीच राहते. पूर्वी ते काम पुस्तक लिहिणाऱ्याने केलेलं असतं, आता ते तुमच्या गटाला करावं लागतं. वादातला सगळा गाभा माझ्या मते एवढाच आहे, आणि निवड करताना "आमच्या गटात हे काम करायला वेळ आणि मन आहे का" एवढंच विचारावं.

बलुतेदारांकडे वळते. हा विचार का सुचतो ते मला समजतं. बारा क्लास, बारा बलुतेदार, आकडासुद्धा जुळतो. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, गुरव, जोशी अशी तयार यादी आहे, गावागणिक थोडी बदलते एवढंच, आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं. पण क्लासच्या पानावर काय छापलेलं असतं ते आठवा: तुला हे येतं, ते कधीच येणार नाही, आणि हे पहिल्या दिवशीच ठरलं. खेळाडू जेव्हा स्वतः क्लास निवडतो तेव्हा यात काही वावगं नाही. पण आपल्याकडे ही यादी निवडीची नव्हती, जन्माची होती. ती क्लास म्हणून छापलीत की जन्मावरून कुवत ठरते हा तुमच्या खेळाचा नियम होतो, फाशांनी शिक्कामोर्तब केलेला.

मी बलुतेदार घेतले नव्हते, पण मराठा काळासाठी सात क्लास केले होते आणि त्यातल्या चोर-हेर क्लासला "रामोशी" असं नाव दिलं होतं. मला ते अस्सल वाटलं होतं. सेशन संपल्यावर खाली पार्किंगमध्ये एक खेळाडू हेल्मेट हातात घेऊन थांबला होता. म्हणाला, "ताई, आमच्या घरात आजा-पणजाने गडाची राखण केल्याच्या गोष्टी सांगतात. तुमच्या पानावर कुलूप फोडायचे साठ टक्के आहेत." तो चिडलेला नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. गावाची आणि किल्ल्याची राखण हे ज्यांचं नेमून दिलेलं काम, त्यांच्या नावावर मी चोरीचा तक्ता छापला होता. त्या रात्री मी सातही पानं फाडली. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, आणि तो आजही आमच्याकडे खेळतो.

हा प्रश्न फक्त आपला नाही. १९८१च्या बेसिक डी अँड डीत एल्फ आणि ड्वॉर्फ (परीकथांमधले वनवासी आणि बुटके लोक) हे स्वतःच क्लास होते; ड्वॉर्फ जन्माला आलात तर ड्वॉर्फच, विझार्ड होता येणार नाही. २०२४च्या आवृत्तीत जन्मावरून मिळणारी ताकद-बुद्धीची वाढ काढून ती पात्राच्या पूर्वायुष्याला जोडली आहे. हे अंतर कापायला त्या खेळाला चार दशकं लागली. आपण मुद्दाम पहिल्या पायरीवर परत कशाला जायचं?

आणि तुमचा काळच क्लासच्या विरोधात साक्ष देतो. मल्हारराव होळकर धनगराच्या घरातून येऊन माळव्याचे सुभेदार झाले. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या चाकरीत होता. माणसं चाकरी बदलत होती, हत्यार बदलत होती, एका आयुष्यात तीन-तीन आयुष्यं जगत होती. अशा शतकाला ट्रॅव्हलरचे चार वर्षांचे टप्पे किती शोभतात पाहा: चार वर्षं पागेत, चार वर्षं कर्नाटकच्या स्वारीत, मग जखमी होऊन पुण्यात कारकुनी.

म्हणून पेशा. मी पेशा म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळाची पद्धत असते. सातव्या आवृत्तीत पेशाच्या यादीत साधारण आठ कौशल्यं असतात आणि बहुतेक पेशांमध्ये शिक्षणाच्या आकड्याच्या चौपट गुण त्यांत वाटायचे असतात. त्याखेरीज बुद्धीच्या आकड्याच्या दुप्पट गुण जवळजवळ कुठल्याही कौशल्यात टाकायला मोकळे मिळतात. नव्या खेळाडूला आठच गोष्टींकडे बघायचंय, तेव्हा तो बावरत नाही. जुन्या खेळाडूला कारकुनाला तालमीत पाठवायचं असेल तर वाट मोकळी आहे. थीफसारखं कुणाचं काही काढूनही घेतलेलं नाही.

तुमच्या काळासाठी पेशे असे करा: शिलेदार, बारगीर, हरकारा (निरोप पोचवणारा), कारकून, वैद्य, सावकाराचा गुमास्ता, कीर्तनकार, तोफखान्यावरचा गोलंदाज. कुणाच्या घरात जन्म झाला हे पात्राच्या गोष्टीत येऊ द्या. त्या काळात त्याचे चटके बसत होते आणि ते लपवू नका, पण टक्क्यांत आणू नका. शिलेदार आणि बारगीर यांच्यातला फरक तर नियमांच्याही बाहेर काढता येतो. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, बारगिराचा घोडा सरकारचा. सामानाच्या रकान्यात एवढंच लिहा. घोडा मेला तर शिलेदार कर्जात जाईल आणि बारगिराला पागेत जाब द्यावा लागेल. यातून उभे राहणारे प्रसंग दहा कौशल्यांतून उभे राहत नाहीत.

आता वाटणीचं काम. पात्रं घरी करू देऊ नका. पहिल्या रविवारी फक्त पात्रं करायची, एकत्र बसून. मी टेबलाच्या मध्यभागी एक कोरा कागद ठेवते आणि त्यावर मोहिमेत हमखास येणारे प्रसंग लिहिते. तुमच्यासाठी मी हे लिहीन: कुणीतरी जखमी झालंय, दार बंद आहे, मोठ्या माणसाची मर्जी राखायची आहे, मोडी कागद वाचायचा आहे, रात्री वाट चुकली आहे, हाणामारी अटळ आहे. प्रत्येक ओळीसमोर दोन नावं आली पाहिजेत, एक पहिल्या हाताचा आणि एक जोडीला. दुसरं नाव फार महत्त्वाचं आहे. वैद्य बेशुद्ध पडला तर त्याचा पाय कोण बांधणार? आणि एखाद्या रविवारी वैद्याच्या खेळाडूकडे लग्न असलं तर? ओळ रिकामी राहिली तर कुणावरही जबरदस्ती करू नका. तो प्रसंग तुम्हाला झेपणार नाही हे आत्ताच कळलं, म्हणून एकतर मोहिमेत तो कमी आणा किंवा मदतीला एखादा गावकरी द्या.

"सगळे सारखेच होतात" म्हणणाऱ्याला या कागदाने निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं वाढीत आहे, आणि तिथे त्याची भीती खरी आहे. क्लास असला की पुढच्या लेव्हलला काय मिळणार याची ओढ असते. लोक आठवडाभर आधीच तो तक्ता उघडून बसतात. मोकळ्या गुणांत लोक जे येतं तेच वाढवत राहतात, आणि वीस सेशननंतर पात्र तेच असतं, फक्त आकडे मोठे झालेले. म्हणून वाढीसाठी रूनक्वेस्ट आणि कॉल ऑफ क्थुलूमधली खुणेची रीत घ्या. कौशल्य वापरून यश आलं की त्याच्या शेजारच्या चौकोनात पेन्सिलने खूण करायची. सेशनच्या शेवटी टक्क्यांचे (१ ते १०० आकडा देणारे) फासे टाकायचे आणि आत्ताच्या टक्क्यांपेक्षा जास्त पडले तरच कौशल्य वाढतं. गंमत अशी की, जे कमी येतं तेच लवकर वाढतं. आमच्या एका कारकुनाने नाइलाजाने तीनदा घोडा दामटला आणि सहा महिन्यांत तो बऱ्यापैकी स्वार झाला. हे त्याने ठरवलेलं नव्हतं. एक दक्षता घ्या: खुणा गोळा करण्यासाठी कुणी एकाच चकमकीत चार हत्यारं बदलायला लागला तर खूण फक्त निकराच्या प्रसंगीच मिळेल असं जाहीर करा.

आणखी एक मधला रस्ता आहे, तो माहीत असावा. २०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाने प्लेबुक, म्हणजे आधीच आखलेली पात्रांची पानं, आणली. क्लाससारखीच, पण टेबलावर प्रत्येकाचं एकच. दोन खेळाडूंना तेच प्लेबुक घेता येत नाही, त्यामुळे चार हेरांचा प्रसंगच येत नाही. तुमचा गट सहा-आठ सेशनची छोटी मोहीम करणार असेल तर हा मार्ग मी पेशांच्याही आधी सुचवीन. वर्षभर चालवायची असेल तर पेशेच बरे.

नव्या दोघांसाठी तीन पेशांची पानं आधीच भरून ठेवा, गुण वाटलेले, फक्त नाव आणि मोकळे गुण रिकामे. त्यांना पानं वाचून दाखवू नका, प्रत्येक पात्र एका वाक्यात सांगा, काकूंना सांगितलं तसं. आणि तो पहिला कागद, प्रसंग आणि नावांचा, जीएमच्या वहीत चिकटवून ठेवा. माझ्या कात्रजच्या गटाने आठवड्याने तो बनवला. मोडीच्या ओळीसमोर आधी कुणाचंच नाव नव्हतं. मग सुजलेल्या पायाच्या खेळाडूने हात वर केला आणि म्हणाला, पाय बरा होईपर्यंत मी हौदाशेजारच्या वाड्यात पडून आहे, तिथल्या कारकुनाकडून शिकतो. पंधरा टक्क्यांपासून सुरुवात झाली.